चिनी शहरांतली रोजची भाजी: मंडई, ॲप, थुआनचांग आणि मापात पाप

शेपू (धागाकर्ती)

चिनी शहरांतल्या भाजी-किराण्याबद्दल मराठीत वाचायला मिळतं ते एक तर 'ओला बाजार', नाहीतर 'तिकडे काय, सगळं ॲपवर'. शांघाय, हांगचौ, शेनझेन, छांगशा अशा शहरांतलं एकच घर मात्र आठवड्यात चार-पाच ठिकाणी पिशवी भरतं. पालेभाजी एकीकडून, मांस दुसरीकडून, अंडी-तेल तिसरीकडून. कोणती वस्तू कुठून आणि का, हे माहितगारांनी इथे लिहावं. 'आमच्या वेळी' नको, नेमकं लिहा.

पार्श्वभूमी थोडक्यात देते. १९५५ ते १९९३ धान्याला कूपन लागायचं. बीजिंगच्या हिवाळ्यात भाजी म्हणजे लांबट पानांचा चिनी कोबी. नोव्हेंबरात घरटी शेकडो जिन कोबी यायचा (जिन म्हणजे ५०० ग्रॅम, हे धाग्यात पुन्हा पुन्हा लागेल). गड्डे आधी उन्हात ठेवून बाहेरची पानं सुकवायची, मग जिन्यात किंवा बाल्कनीत रचून वर गोधडी टाकायची आणि अधूनमधून उलटसुलट करायचे. एकदा गोठून विरघळलेला गड्डा आतून कुजतो. ही साठवण संपली ती तीन गोष्टींमुळे. १९८८ साली 'भाजीची टोपली' ही सरकारी योजना आली आणि शहराच्या भाजीची जबाबदारी महापौराच्या गळ्यात पडली. १९८९ पासून शांतुंगमधल्या शौग्वांगला कोळसा न जाळता निव्वळ उन्हावर चालणारी हिवाळी हरितगृहं उभी राहिली. आणि १ डिसेंबर २०१० पासून ताज्या शेतमालाच्या ट्रकना देशभर टोलमाफी झाली.

भाजी त्या दिवशीचीच हवी, हा हट्ट अजून तसाच आहे. फक्त ताजी कुठली हे पूर्वी बोटं ठरवायची, आता पाकिटावरची तारीख ठरवते. माझ्या मते बाकीचे बदल यातूनच आलेत.

तराजू

मंडईपासून सुरू करू. त्सायशिछांग, म्हणजे आपली भाजी मंडईच, पण मासे-मांस-टोफू सगळं एका छपराखाली.

भाव जिनवर असतो. महागड्या वस्तूंच्या पाटीवर मात्र बारीक अक्षरात 'लिआंग' असू शकतं. एक लिआंग ५० ग्रॅम, दहा लिआंगांचा एक जिन. रानटी अळंबी, सुकवलेली कोळंबी, औषधी मुळ्या यांचा आकडा स्वस्त दिसला तर आधी मापाचं अक्षर वाचा. नवखा माणूस इथेच दसपट फसतो.

मासळी पाण्यातून थेट पिशवीत टाकली की पाण्याचेही पैसे जातात. पिशवीला खालून भोक पाडायला सांगा, पाणी निथळू द्या, मग वजन. कोळंबीला हे जास्त लागू, कारण जाळीत पाणी बरंच राहतं. शरदातले केसाळ खेकडे दोरीने बांधून विकतात. जाड, भिजलेली दोरी असेल तर खेकड्याच्या भावाने दोरी विकत घेताय. पातळ सुतळीने बांधलेले घ्या.

इलेक्ट्रॉनिक काट्यातही दांडी मारता येते. ठरावीक बटणं दाबली की वजन वाढवून दाखवणाऱ्या काट्यांना तिकडे 'भुताचे काटे' म्हणतात. उपाय सोपा आहे. ज्याचं वजन आधीच माहीत आहे अशी वस्तू, म्हणजे स्वतःचा मोबाईल, हसत हसत पारड्यात ठेवा. १९० ग्रॅमचा फोन २४० दाखवत असेल तर पुढच्या गाळ्यावर जा, भांडत बसू नका. बहुतेक मंडयांत दाराशी फेरतपासणीचा काटा ठेवलेला असतो, तोही वापरा.

मांसावरचा लालसर दिवा हा जुना खेळ. त्याच्या उजेडात सगळंच मांस गुलाबी दिसायचं. १ डिसेंबर २०२३ पासून मालाचा खरा रंग लपवणारे दिवे लावायला बंदी आहे. तरी शंका आली तर तुकडा गाळ्याच्या कडेला, बाहेरच्या उजेडात बघा.

रिकामी पिशवी

मापात पाप सगळीकडे सारखंच म्हणायचं! तिकडे भाजीवर कोथिंबीर-मिरची 'वर' मिळते का?

तराजू

मिळते. कांद्याच्या पातीच्या दोन-चार काड्या, कधी कोथिंबीर. नेहमीच्या गिऱ्हाईकाला न मागता पिशवीत पडते. पातीशिवाय चिनी फोडणी होत नाही, म्हणून पात.

गणिती

आता ॲपचा हिशोब, कारण 'अर्ध्या तासात घरपोच' यामागे दोन अगदी वेगळी यंत्रं आहेत आणि लोक ती एकच समजतात.

पहिलं यंत्र म्हणजे दुकान हेच गोदाम. अलीबाबाचं हमा हे त्याचं उदाहरण, पहिलं दुकान शांघायमध्ये जानेवारी २०१६ ला उघडलं. ३ किलोमीटरच्या आत ३० मिनिटं. ऑर्डर आली की ती विभागांत फुटते. भाजीवाला भाजी उचलतो, मासेवाला मासे, प्रत्येक जण आपली पिशवी छताखालून फिरणाऱ्या साखळीवर अडकवतो आणि मागच्या खोलीत त्या एकत्र होतात. उचल-बांधणीला साधारण १० मिनिटं, उरलेली २० माल घरी पोचवणाऱ्या स्वाराची. दुकानात येणारं गिऱ्हाईकही तिथेच खरेदी करत असतं, त्यामुळे भाडं दोन प्रकारच्या विक्रीवर वाटलं जातं.

दुसरं म्हणजे 'पुढचं गोदाम'. वस्तीतल्या एखाद्या बोळात काहीशे चौरस मीटरची जागा, पाटी नाही, गिऱ्हाईक नाही, नुसते रॅक आणि शीतकपाटं. रात्री शहराबाहेरच्या वर्गवारी केंद्रातून माल येतो, सकाळपासून स्वार नेतात. डिंगडोंग माइत्साय (शांघाय, २०१७) आणि मिसफ्रेश (बीजिंग, २०१४) ही त्यातली गाजलेली नावं. मुंबई-पुण्यात दहा मिनिटांत दूध आणणाऱ्यांची 'डार्क स्टोअर' याच जातीची.

यात बिघडतं ते असं. स्वाराची फेरी १५ युआनच्या पालकासाठीही तेवढ्याच खर्चाची आणि १०० युआनच्या टोपलीसाठीही. भाजीवरचा नफा मुळात पातळ, त्यात पालेभाजी सडणार. म्हणून टोपली मोठी झाली तरच गणित जमतं. ॲपवर भाजीशेजारी मसाला लावलेलं मांस, डंपलिंग, केक, टिश्यू पेपर दिसतात ते यासाठी. मिसफ्रेश जून २०२१ ला अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअरबाजारात गेली आणि जुलै २०२२ च्या अखेरीस तिची अर्ध्या तासाची सेवा बंदही पडली. डिंगडोंगने शहरं कमी केली आणि शांघाय व आसपासच्या यांगत्से मुखाकडच्या पट्ट्यावर जोर दिला. दाट वस्ती, घरी रांधणारी माणसं आणि खर्चाची ऐपत, तिन्ही तिथे एकत्र आहेत.

उंबरठा

पण मग मंडया बंदच पडत असतील. तरुण लोक कशाला जातील तिथे?

शेपू

उंबरठा, असं नाही. सकाळी सहा ते आठ मंडईत निवृत्तांचं राज्य असतं, त्यांना नंतर चांगला माल उरत नाही हे पक्कं ठाऊक. तरुण शनिवार-रविवारी येतात. शांघायच्या वुलुमुछी रस्त्यावरच्या मंडईत तर २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात प्राडा या महागड्या फॅशन कंपनीने आपल्या नक्षीच्या कागदात भाज्या गुंडाळल्या होत्या. कागदी पिशवीसाठी सेलेरीच्या जुड्या घेणाऱ्यांच्या रांगा लागल्या. पुढे त्या सेलेरीचं काय झालं ते विचारू नका.

मंडईला बसलेला धक्का जुना आणि वेगळा आहे. २००० नंतर काही शहरांनी मंडया हटवून सुपरमार्केट आणायचं धोरण घेतलं. परदेशी सुपरमार्केट साखळ्यांपैकी कारफूर १९९५ ला, वॉलमार्ट १९९६ ला आलेच होते. आज हाल उलट त्या मोठ्या सुपरमार्केटांचे आहेत. कारफूरचा चीनमधला धंदा २०१९ मध्ये सुनिंग या चिनी कंपनीने घेतला आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक दुकानं मिटली. आठवड्यातून एकदा गाडी काढून ढकलगाडी भरायची, ही पद्धत रोज ताजं खाणाऱ्या घरात तितकीशी मुरलीच नाही.

मांदेली

मांसावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तिकडच्या घरात तीन शब्द चालतात, त्यांचा अर्थ कळला तर अर्धी खरेदी कळली.

'गरम ताजं': रात्री कापलेलं, पहाटे मंडईत, थंड न करता टांगलेलं. दुपारच्या आत संपवायचं. जुन्या पिढीची पसंती, चव 'मांसाची' लागते म्हणून. उन्हाळ्यात जोखीम मोठी.

'थंड ताजं': कापल्यावर २४ तासांत मांसाचं तापमान ० ते ४ अंशांवर आणायचं आणि विकेपर्यंत तिथेच ठेवायचं. ॲपवरच्या ट्रेमधलं मांस हे. थंडाव्यात मुरल्यामुळे मऊ शिजतं. थंडाव्याची साखळी मध्येच तुटली तर ट्रेच्या तळाशी गुलाबी पाणी जास्त जमतं आणि आवरण फुगतं. असा ट्रे परत करा.

'गोठवलेलं': उणे १८. रश्श्याला ठीक, झटपट परतायला नाही, कारण वितळताना पाणी सुटतं आणि कढईत परतलं जाण्याऐवजी उकडतं.

गरमकडून थंडकडे लोक सरकले त्यात रोगांचा वाटा मोठा. एच७एन९ बर्ड फ्लूमुळे एप्रिल २०१३ मध्ये शांघायने जिवंत कोंबड्यांचे बाजार बंद केले. सूपसाठी डोळ्यांसमोर कापलेलीच कोंबडी हवी म्हणणाऱ्या घरांना पाकिटातली थंड कोंबडी घ्यावी लागली. ऑगस्ट २०१८ मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला, २०१९ मध्ये डुकराच्या मांसाचे भाव भडकले, घरोघरी कोंबडी आणि अंड्यांचं प्रमाण वाढलं. फेब्रुवारी २०२० मध्ये रानटी प्राणी खाण्यावर आणि त्यांच्या व्यापारावर देशभर बंदी आली. पण मांस घेणाऱ्या सामान्य शहरी घराचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता. आपल्याकडच्या फॉरवर्ड्समध्ये तेवढंच असतं, हा भाग वेगळा.

रिकामी पिशवी

'शिळं मांस विकत नाही' असं म्हणणारी कुठली तरी साखळी आहे ना?

मांदेली

छिएन-दामा. क्वांगतुंग प्रांतातली. ब्रीदवाक्य 'रात्र उलटलेलं मांस विकत नाही'. संध्याकाळी ७ ला १० टक्के सूट, मग दर अर्ध्या तासाने आणखी १० टक्के. ९ वाजता निम्मा भाव, ११ वाजता दहावा हिस्सा, ११:३० ला उरलंसुरलं फुकट.

गिऱ्हाइकासाठी हिशोब असा: फरसबी, भोपळा, मुळा, टोफू ८-८:३० ला घ्या, दर्जा फारसा उतरत नाही. पालेभाजी आणि कोवळं मांस ७ च्या आधी, नंतर उरतं ते चाळलेलं. दुकानदाराची गोची म्हणजे गिऱ्हाईक शहाणं होतं. वस्तीला वेळापत्रक पाठ झालं की दुपारची विक्री पडते. फ्रँचायझी घेणाऱ्याला माल कमी मागवावा तर रॅक रिकामे, जास्त मागवावा तर सूट देऊनच संपवायचा. दक्षिणेत, जिथे रोज सूप आणि रोज खरेदी चालते, तिथे हे टिकलं. उत्तरेत जमलं नाही, बीजिंगमधून त्यांना काढता पाय घ्यावा लागला.

उंबरठा

आणि ते इमारतीतल्या मावशींकडे ऑर्डर देतात ते? व्हॉट्सॲप ग्रुपसारखं?

गणिती

ते तिसरं यंत्र, आणि वेग सोडला तर सगळ्यात हुशार. वस्तीतला कोपऱ्यावरचा दुकानदार किंवा घरी असलेली व्यक्ती 'थुआनचांग' होते, म्हणजे गटप्रमुख. वीचॅटवर गट, त्यात मालाच्या लिंका. रात्री ११ पर्यंत ऑर्डर, दुसऱ्या दिवशी साधारण ४ पर्यंत माल थुआनचांगच्या दुकानात, तिथून स्वतः उचलायचा. तिचं कमिशन १० टक्क्यांच्या आसपास. रात्री ११ ला एकूण आकडा कळतो, मगच माल हलतो: मध्यवर्ती गोदामात वर्गवारी, पहाटे भागाच्या छोट्या गोदामात, तिथून व्हॅनने थुआनचांगकडे. आधी विक्री, मग खरेदी, त्यामुळे सडणारा माल कमी आणि शेवटचा किलोमीटर गिऱ्हाईक स्वतः चालतं. छांगशाच्या शिंगशंग यौश्वेनने हे नीट बसवलं. २०२० च्या उन्हाळ्यात दीदी, मेइत्वान, पिंदुओदुओ अशा बड्या ॲप-कंपन्या उतरल्या आणि अंडी खरेदीभावाखाली विकू लागल्या. मंडईवाल्यांची ओरड झाली. डिसेंबर २०२० मध्ये बाजार नियामकाने 'नऊ गोष्टी करू नका' अशी तंबी दिली, मार्च २०२१ मध्ये पाच कंपन्यांना मिळून ६५ लाख युआन दंड झाला. कंपन्यांनी पदरमोड करून दिलेली ही सूट आटली तसे बरेच खेळाडू गळाले.

माळवं

गटखरेदीत काय घ्यावं हे लिहितो, कारण चुका इथेच होतात.

बटाटे, कांदे, आलं, लसूण, अंडी, तेल, नूडल्स, टिश्यू डोळे झाकून घ्या. पालेभाजी नको. पहाटेपासून चारपर्यंत ती बंद पिशवीत, तीन ठिकाणी उतरून, शेवटी दुकानाच्या फरशीवर पडलेली असते. गोठवलेले डंपलिंग थुआनचांगकडे खरोखर फ्रीजर असेल तरच घ्या. आइस्क्रीमच्या पेटीत सगळ्या वस्तीचा माल मावत नाही, उरलेला वितळून पुन्हा गोठतो. ओळख: डंपलिंगचा एकच गोळा झालेला असतो. फळं घेतलीत तर पिशवी तिथेच उघडा, खराब नगांचा फोटो वजनकाट्यावर ठेवून काढा आणि तक्रार त्याच दिवशी टाका. परतावा खराब वजनाच्या प्रमाणात मिळतो, पूर्ण पिशवीचा नाही.

ॲपच्या पालेभाजीबद्दलही. ४ अंशांतून निघालेलं पाकीट ३५ अंशांच्या उन्हात स्वाराच्या डब्यात येतं आणि आतून घाम सुटतो. तसंच फ्रीजमध्ये टाकलं तर दुसऱ्या दिवशी पानं चिकट. पाकीट उघडा, पानं झटका, कागदी रुमालात गुंडाळून देठ खाली करून उभी ठेवा, दोन दिवसांत संपवा. मंडईतल्या भाजीवर पाणी मारलेलं असतं, तिलाही हेच औषध.

हमाच्या 'रोज ताजं' पाकिटांवर वाराचा आकडा मोठा छापलेला असतो, १ म्हणजे सोमवार. तो माल त्याच दिवशी विकायचा, दुसऱ्या दिवशी फळीवर नाही. पण तो पाकीटबंद केल्याचा दिवस आहे, तोडणीचा नाही, हे विसरू नका. ही पाकिटंही लहान असतात, एका वेळच्या भाजीपुरती. २०१० च्या जनगणनेत घरटी सरासरी माणसं ३.१० होती, २०२० मध्ये २.६२. दोघांच्या घरात अख्खा कोबी संपता संपत नाही.

शेपू

माळवं, वाराचा आकडा म्हणजेच मी म्हणत होते ते. बोट लावून बघणं संपलं, आकडा वाचणं आलं.

तराजू

अर्धवट सहमत. मासा अजून कोणी आकडा वाचून घेत नाही. हमाने जिवंत माशांच्या टाक्या ठेवल्या त्या उगाच नाहीत.

उत्तररात्र

२०२२ चा शांघाय लॉकडाऊन राहिला. एप्रिल-मे दोन महिने. ॲपचा कोटा पहाटे उघडताच सेकंदांत संपायचा. 'छियांग त्साय', म्हणजे भाजीवर झडप, हा शब्द तेव्हा घराघरात गेला. स्वारच कमी, त्यामुळे गोदामात माल असून उपयोग नाही. मग प्रत्येक सोसायटीतून आपापले थुआनचांग उभे राहिले. आधीच्या कंपनीवाल्या थुआनचांगशी यांचा संबंध नाही, फक्त नाव तेच. रीत अशी: पुरवठादार ठरावीक संच देणार आणि किमान अमुक इतके संच घ्यावे लागणार. गटात 'चिएलुंग' सुरू होतो, म्हणजे प्रत्येकाने आधीची यादी कॉपी करून खाली आपला क्रमांक, इमारत, घर नंबर, संच लिहायचा. दोघांनी एकाच वेळी पाठवलं की एक नाव गळतं, म्हणून पुढे मिनी-ॲप वापरू लागले. माल फाटकाशी उतरणार, औषध फवारून स्वयंसेवक दारोदार पोचवणार.

त्यानंतर छोटे उभे फ्रीजर घरात आले आणि राहिले. सॅम्स क्लब, कॉस्टकोसारख्या सभासदी दुकानांची मोठी पाकिटं (सॅम्सची वर्गणी २६० युआन, वरची ६८०) त्यामुळेच परवडू लागली. मांस आलं की त्याच दिवशी २५०-२५० ग्रॅमचे चपटे पुडे करायचे, जाडी दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, वर तारीख. रात्री फ्रीजच्या न गोठवणाऱ्या कप्प्यात टाकला की सकाळी सुटतो. गोळा करून गोठवलात तर बाहेरून सैल, आत दगड.

रिकामी पिशवी

तयार भाज्यांचं काय? 'युचृत्साय' वरून तिकडे बरीच भांडणं होतात म्हणे.

मांदेली

मार्च २०२४ मध्ये सहा सरकारी खात्यांनी व्याख्या केली: गरम करून किंवा शिजवूनच खाता येईल असा तयार पदार्थ, संरक्षक रसायनं घालायची नाहीत. भात-पोळीसारखं मुख्य अन्न यात नाही, नुसती धुऊन चिरलेली भाजीही नाही. साखळी हॉटेलांच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरातून येणारा पदार्थही व्याख्येबाहेर ठेवला, आणि भांडण नेमकं तिथे आहे. घरात मात्र लोक घेतात ते किचकट: लोणच्याच्या मोहरीपाल्यासोबतचा मासा, डुकराच्या पोटाकडच्या मांसाचा मंद आचेवर शिजवलेला गोडसर रस्सा. परतलेली हिरवी पालेभाजी पाकिटातून कोणी घेत नाही, गरम करताना काळी पडते.

हिंगाष्टक

शांघाय-शेनझेनला नवीन गेलेल्या मराठी मंडळींसाठी थोडं. ॲपमध्ये हे शब्द आधीच साठवून ठेवा: कोथिंबीर 'श्यांगत्साय', पालक 'पोत्साय', कारलं 'खुग्वा', भेंडी 'छिउखुइ'. दह्याची बहुतेक पाकिटं गोड असतात, 'साखर न घातलेलं' हे अक्षर शोधा.

दुसरी गोम: ॲप तुमच्या पत्त्याजवळचं गोदाम दाखवतं. दुसऱ्या शहरातल्या कुणासाठी ऑर्डर करताना आधी पत्ता बदला, मग टोपली भरा. उलट केलंत तर पत्ता बदलताच निम्मी टोपली 'उपलब्ध नाही' होते. चिनी मुलं गावाकडच्या आईवडिलांसाठी हेच करतात. शिवाय अलीपे-वीचॅटमध्ये नातेवाइकाचं कार्ड जोडून देतात: खरेदी आई करते, पैसे मुलाच्या खात्यातून, महिन्याची मर्यादा ठरवून.

उंबरठा

आई ते वापरते?

हिंगाष्टक

मंडईत. क्यूआर सगळ्या गाळ्यांवर आहे. कार्ड मुलाचं, पण मासा ती स्वतः निवडते.